मोटारीच्या छताचं कापड

मुलांनो, कल्पना करा: तुम्ही एका जुन्या मोटारीच्या मागच्या सीटवर उताणे पडला आहात आणि नाकाच्या वर वीतभर अंतरावर छताचं कापड ताणलं जातंय. ठमी तशीच पडली होती. तिचा आजा कोंडाजी गुडघ्यांवर उभा राहून कापडाची कड लाकडी पट्टीवर बारीक खिळ्यांनी ठोकत होता. शेवटचा खिळा बसला आणि कापड मधोमध पुन्हा लोंबलं.

"तिसऱ्यांदा!" कोंडाजीने हातोडी सीटवर आपटली.

मुरुडच्या होड्यांची शिडं चाळीस वर्षं त्यानेच शिवली होती. आता होड्यांना मशिनं बसू लागली होती आणि वर्षभरात त्याच्या ओटीवर एकही शीड आलं नव्हतं. बाळाजी टॅक्सीवाल्याने मोटारीचं कुजलेलं छत बदलायला दिलं, तेव्हा त्याला वाटलं, हे जमलं तर हातात सुई राहील.

बाळाजीने मोटारीच्या दारातून डोकं आत घातलं. लोंबतं कापड त्याच्या टोपीला लागलं.

"कोंडाजीकाका, उद्या यात तळा गावचा नवरदेव बसायचाय. लग्नाआधीच मान खाली घालावी लागंल त्याला!"

"सांजपावेतो करतो."

"न्हाय झालं तर नवरदेवाला दुसरी गाडी बघतो अन् ही मुंबईला धाडतो. मग राग धरू नका."

तो गेला. कोंडाजी खिळे उपसू लागला. एक वाकला, एक बोटात शिरला. कापड खाली ओढून त्याने ओटीवर आणलं आणि पट्टे जोडणाऱ्या शिवणी उसवल्या.

"कापडच नादान हाय."

ठमीने उसवलेला एक पट्टा ओटीवर पसरला.

"आज्या, ही कड मधेच बाहेर का आलीय?"

"पट्ट्याला पोट ठेवावंच लागतं. त्याबिगर शीड वारा कसा धरंल?"

"पण मोटारीत वारा कुठं धरायचाय?"

कोंडाजीचा हात थांबला. त्याने खडू घेऊन पट्ट्यावर सरळ रेघ ओढायला घेतली. ती मधे फुगली. त्याने ती तळव्याने पुसली आणि दात आवळून पुन्हा ओढली. तीही फुगली.

"हात ऐकत न्हाय गं," तो म्हणाला आणि खडू टाकून पाठमोरा बसला.

ठमीने सुतळीचं एक टोक पट्ट्याच्या कोपऱ्यावर अंगठ्याने दाबून धरलं, दुसरं आज्याच्या मुठीत दिलं आणि म्हणाली, "घट्ट ओढ, म्हणजे खडू सुतळीच्या कडेकडेनं सरळ जाईल."