डोहातली मरळ

संध्यानं चपला काठावर काढल्या आणि घसरणीवरून खाली उतरता उतरता तिला त्या पिशव्या दिसल्या. प्लास्टिकच्या, हवा भरून फुगवलेल्या, तोंडाला रबर बांधलेल्या. चार रिकाम्या होऊन चिखलात पडल्या होत्या. पाचवी कांताबाईंच्या मांडीवर होती. पाण्याला ऊन लागू नये म्हणून त्यांनी तिच्यावर पदर धरला होता. मागं दहा-पंधरा माणसं उभी होती, घराजवळची, भावकीतली.

"आली का पोरी," तातेराव म्हणाले. "तुह्यासाठीच थांबलो व्हतो. बाकीची सोडली, ऊन तापून राह्यलं म्हनून. ही शेवटची तुह्या हातानं."

"काय आहे यात, काका?"

उत्तर धुळाजीनं दिलं. तो रोज आपली मेंढरं इथं पाण्यावर आणायचा.

"मरळीचं बीज! आंध्राचा माल हाये, अस्सल. सहा-आठ महिन्यांत किलोची व्हते म्हने एकेक. म्या आज मेंढरं इकडं आनलीच न्हाईत. म्हनलं, पानी गढूळ नको."

संध्यानं डोहाकडं पाहिलं. पाणी हिरवट, शांत होतं. लव्हाळ्याच्या कडेला माशांची बोटभर लांबीची काळसर पिल्लं झुंडीनं थरथरत होती. तिच्या डोळ्यांदेखत झुंड फुटली आणि एकेक करून खोल पाण्यात दिसेनाशी झाली.

टेंभुर्णीहून आत गेल्यावर नदीचा हा डोह लागतो. नदी होळीच्या आधीच आटते, पण इथं खडकाच्या पोटात वैशाखातही पुरुषभर पाणी राहतं. संध्या विद्यापीठात गोड्या पाण्यातल्या माशांवर संशोधन करत होती आणि तीन वर्षं इथं येत होती. मरळ धरायची, शेपटीच्या टोकाचा नखाएवढा तुकडा कापून स्पिरिटच्या कुपीत टाकायचा आणि मासा परत सोडायचा. डोहाला लागून तातेरावांचं शेत. पहिली दोन वर्षं त्यांचा आणि कांताबाईंचा मुलगा नागसेन तिच्याबरोबर कमरेएवढ्या पाण्यात उतरायचा. तो शाळेत मास्तर होता. सुट्टीच्या दिवशी जाळं धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "ताई, माशांची जात कशाला काढता? आपलीच काढून झाली न्हाई लोकांची अजून." मग स्वतःच मोठ्यानं हसायचा. गेल्या वैशाखात तो काविळीनं गेला. शहरातल्या दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता.

आज त्याला वर्ष होत होतं. "ये बरं, काम हाये," एवढंच कांताबाई फोनवर म्हणाल्या होत्या. संध्या तशीही येणारच होती. कालच प्रयोगशाळेतून निकाल आला होता. आसपासच्या ज्या ज्या तळ्यांतून आणि डोहांतून तिनं नमुने घेतले होते, तिथल्या मरळीत बाहेरून आणून सोडलेल्या बीजाची भेसळ निघाली होती. या एका डोहात ती नव्हती. इथली मरळ इथलीच होती, याच नदीचे उन्हाळे सोसलेली, पाणी आटलं की चिखलात शिरून पाऊस येईपर्यंत तग धरणारी. तिचे मार्गदर्शक सर दोनदा म्हणाले होते, "आता तिथं बाहेरचा एकही मासा जाऊ देऊ नकोस." संध्याला वाटलं होतं, आजच्या दिवशी तातेरावांना सांगायला काहीतरी चांगलं आहे. बसमध्ये ती वाक्यं जुळवत आली होती.

"तूच म्हनली व्हतीस ना दिवाळीत," तातेराव म्हणाले, "डोहातली मरळ कमी होऊन राह्यली म्हनून?"

म्हणाली होती. चुलीपाशी बसून, कांताबाई भाकरी थापत असताना. पुढचं काही बोलली नव्हती, कारण पुढचं तेव्हा तिलाच ठाऊक नव्हतं.

"नागसेनच्या पुण्यानुमोदनाला जेवनं घालायची का हे करायचं, असं यायनं इचारलं," कांताबाई म्हणाल्या. "म्या म्हनलं, हेच करा. मानूस दुपारी जेवलं की सांजच्याला पुन्हा भुकेलं. हे जित्तं राहीन."

संध्यानं पिशवीकडं हात केला, पण घेतली नाही.

"काकू, ही एक पिशवी आपण दुसरीकडं सोडू या का? टेंभुर्णीकडच्या तळ्यात? तिथं पाणी जास्त आहे. मी घेऊन जाते."

"तिकडं कशाला?"

"इथं... दाटी होईल."

कांताबाईंनी पिशवीवरचा पदर सारखा केला. "एका घरची लेकरं हैत, माय. अर्धी इकडं, अर्धी तिकडं, कशाला करती? राहू दे एका जागी."

तातेराव तिच्याकडं पाहत होते. ते म्हणाले, "काही चुकलं का पोरी? माल बराबर न्हाई का?"

मागची माणसं दोन पावलं पुढं आली. संध्यानं तोंड उघडलं. काय सांगायचं ते तिला स्पष्ट माहीत होतं, आणि सांगून काय होणार तेही. चार पिशव्या पाण्यात गेल्या होत्या. बोटभर पिल्लं, त्यात लव्हाळं, कपारी, गाळ. जगातलं कुठलं जाळं ती वेचून काढणार नव्हतं.

"नाही काका," ती म्हणाली. "माल चांगला आहे."

ती पाण्यात घोट्यापर्यंत उतरली. कांताबाई तिच्या शेजारी आल्या आणि दोघींनी मिळून रबर सोडलं. हवा फुस्स करून निघून गेली. कोणीतरी त्रिसरण म्हणायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी हात जोडले. संध्यानं पिशवी तिरपी केली. पिल्लं आधी पिशवीच्या कोपऱ्यातच घुटमळली, नव्या पाण्याला भ्यायल्यासारखी. मग कांताबाईंनी खालून हलकेच हात लावला आणि ती बाहेर पडली. काही क्षण तिच्या पायांभोवती फिरली. एक तिच्या अंगठ्याला लागून गेलं.

वर चढताना ती तातेरावांना एवढंच म्हणाली, "आता पुन्हा आणू नका, काका. या पाण्याला एवढे मासे बास."

"न्हाई आनत," ते म्हणाले. "तू म्हनशील तसं."

पुढच्या आठवड्यात ती बारीक जाळं घेऊन आली. दोन दिवस लव्हाळ्यात फिरली. ओंजळभर पिल्लं मिळाली. त्यांतली डोहाची कोणती आणि पिशवीतली कोणती, हे तिला हातावर घेऊनही सांगता येईना. बांधावरून कांताबाई ओरडल्या, "सोड गं, एवढुशी तर हैत!" तिनं सोडली.

सर रागावले नाहीत, हे तिला जास्त लागलं. "दुसरी जागा शोध," ते म्हणाले. दोघांनाही माहीत होतं की तशी जागा उरलेली नाही. तिनं प्रबंध पुरा केला. त्यात या डोहाबद्दल जे काही होतं, ते त्या वैशाखाच्या आधीच्या नमुन्यांवरून होतं. विद्यापीठातल्या फ्रीजरमध्ये, बर्फाच्या थराखाली, त्या कुप्या अजून एका डब्यात आहेत. निव्वळ या डोहाची म्हणावी अशी मरळ आता तेवढीच, नखानखाएवढी.

दुसऱ्या वर्षी श्रावणात कांताबाईंचा फोन आला. "लवकर ये. डोहात लाल पोरं आली."

ती गेली. नदी वाहत होती, पण डोहाचा कोपरा निवांत होता. तिथं पाण्याच्या वरच्या थरात नुकत्या जन्मलेल्या शेंदरी पिल्लांचा एक गोळा फिरत होता, शेकडोंचा, उकळत्या पाण्यासारखा खालीवर होणारा. त्याच्या खाली दोन लांब काळ्या सावल्या होत्या, नर आणि मादी. मरळ पिल्लांना असंच राखते. मधूनच एक सावली वर येई, तोंडानं हवा घेई आणि पुन्हा खाली जाई. काठावर धुळाजीचं एक मेंढरू पाण्याशी वाकलं, तसा नर थेट त्याच्या तोंडावर धावून आला आणि मेंढरू बिचकून मागं सरलं. कांताबाई तोंडाला पदर लावून हसल्या. नागसेन गेल्यापासून संध्यानं त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

तिच्या पिशवीत कात्री होती, कुप्या होत्या. तिनं पिशवी खांद्यावरून काढली नाही.

"ह्या दोघांतली आपली कोनती अन् आनलेली कोनती?" कांताबाईंनी विचारलं.

"वरून कळत नाही, काकू."

"काहीच न्हाई कळत?"

"नाही."

कांताबाई गुडघ्यांवर हात ठेवून बराच वेळ पाण्यात पाहत राहिल्या. शेंदरी गोळा हळूहळू खडकाकडं सरकत होता आणि दोन्ही सावल्या त्याच्या खालून चालल्या होत्या.

"मंग बराबर मिसळली म्हनायची," त्या समाधानानं म्हणाल्या.

"हो," संध्या म्हणाली. "मिसळली."