साधी लाल

“गिळू नकोस, थुंक. अजून तीन उरल्यात,” नवरा म्हणाला.

“गिळल्याशिवाय घशात काय राहतं ते कळत नाही. तुम्हीच शिकवलंत.” तिने घोट गिळला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

ओट्यावर खोकल्याच्या औषधाच्या चार जुन्या बाटल्या होत्या. प्रत्येकीत कारखान्यातल्या एकेका टाकीची लाल वाइन. डब्याच्या पिशवीत लपवून नवऱ्याने ती आणली होती. या टाक्यांच्या मिश्रणातून कारखान्याची सर्वांत स्वस्त बाटली भरली जाई. लोक तिला ‘साधी लाल’ म्हणत. गवंड्यापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांना ती परवडायची. मिश्रण ठरवायचं काम नवऱ्याचं. कामगार त्याला ‘नाकवाले’ म्हणायचे. पण काही वर्षांपूर्वी एका तापात ते नाक गेलं, वास येईनासा झाला, आणि तेव्हापासून नाकवाल्यांचं नाक घरी ओट्यापाशी उभं असायचं. हे दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. नोकरी गेली असती तर कारखान्याची ही खोलीही गेली असती.

“ही डोंगराची,” ती म्हणाली. “आधी आंबट, मग आलुबुखाराचं साल, आणि शेवटी तापल्या दगडावर पाणी टाकल्यासारखं. ही आपली.” दुसऱ्या बाटलीचा घोट घेऊन तिने नाक मुरडलं. “ही कुठली?”

“यंदा सपाटीवरची द्राक्षं घेतलीत. स्वस्तात मिळाली.”

“गोडगोड बोलून काहीच न सांगणाऱ्या पाहुण्यासारखी आहे. हिला गावच नाही.”

“मग किती घालायची?”

“थांबा जरा. घाईत चुकेल.”

घाई खरं तर तिलाच होती. दुपारच्या गाडीने तिला मुलीकडे निघायचं होतं. मुलीचे दिवस भरले होते आणि तिच्या घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता. “आई, निघालीस का?” “निघतेच बघ.”

औषधाच्या झाकणाने मापून ती पेल्यात मिसळत होती, तेवढ्यात दार वाजलं आणि धाकटे मालक आतच आले. परवा बाटल्या भरायला घ्यायच्या, एवढंच सांगायला आले होते. त्यांनी ओट्यावरच्या बाटल्या पाहिल्या, तिचे जांभळे ओठ पाहिले.

“काका, हे काय?”

नवरा खुर्चीवरून उठला. “मला वास येत नाही, मालक. कधीपासूनच.” एवढं बोलून तो परत बसला.

मालक रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्या हातातला पेला घेऊन एक घोट घेतला.

“म्हणजे इतकी वर्षं लोक काकूंच्या जिभेवर पीत होते,” ते हसून म्हणाले. “मला काय, बाटलीत नेहमीची चव आल्याशी मतलब.”

“मी आज मुलीकडे चाललेय. बाळंतपण आहे तिचं.”

“जा की. पण बाटल्या भरल्यावर जा. सपाटीचा माल सांभाळून घ्यायला कुणीतरी हवंच ना, काकू? आणि काकांचं हे मी अजून वडिलांच्या कानावर घातलेलं नाही. या खोलीचा निकाल तेच लावतात.”

नवऱ्याने मान वर केली नाही. तिने पेला परत हातात घेतला.

“डोंगराची जास्त घाला. सपाटीची नावापुरती.”

“डोंगराची जास्त नाहीच. आहे त्यात जमवा,” मालक म्हणाले.

ती जमवत राहिली. गाडीची वेळ टळून गेली.

दुसऱ्या दिवशी टाक्यांच्या शेडमध्ये, धाकट्या मालकांच्या हुकमाने नवऱ्याच्या उंच स्टुलावर ती बसलेली असताना मुलीचा फोन आला. आवाज दमलेला होता. पहाटे मुलगी झाली होती. सोबत शेजारीण होती.

“खाल्लंस का काही?”

“खाल्लं. आई, तू रडतेयस का?”

“नाही गं. वाइन चढली.”

टाक्या मिसळायचा पंप सुरू करायचा म्हणून कामगार तिच्या तोंडाकडे बघत होते. नवरा खाली पाइप धरून उभा होता. तिने हातानेच सगळ्यांना थांबवलं.

“तिच्या टाळूला नाक लाव,” ती फोनवर म्हणाली.

“काय?”

“टाळूला. आणि कसा वास येतो ते मला सांग.”

“बाळासारखा येतो, आई. दुधाचा असेल.”

“‘असेल’ नको. नीट हुंग. सावकाश सांग.”

पलीकडून श्वास आत घेतल्याचा आवाज आला. तिने डोळे मिटले.