नागाच्या पाठीवरचं पान

जपान्यांशी चाललेली लढाई संपली होती, पण उचगावच्या परशराम सुताराची पलटण अजून सयाममध्येच अडकून पडली होती. घरी न्यायला बोट मिळत नव्हती. लढाईची सगळी वर्षं परशरामनं फौजेसाठी पेट्या, पुलाच्या फळ्या आणि थडग्यांवरचे क्रूस केले होते. त्याआधी तो बापाच्या हाताखाली देवाच्या पालख्या कोरायचा. आता कोरायला हात वळेल का, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी त्याच्याच पलटणीतला निपाणीकडचा कलगोंडा त्याला म्हणाला, "अण्णा, नदीपल्याड लाकडाचं देऊळ हाय म्हणं. चला की बघाय."

देऊळ समोर आलं आणि परशराम बूट काढून नुसताच उभा राहिला. छपरावर छप्पर, त्यावर आणखी एक छप्पर, सगळं सागवानी. दारांवर वेली, वेलींत पक्षी, पाकळ्यांत काचेचे तुकडे बसवलेले. छपराच्या उतरत्या कडांवरून लाकडी नाग खाली सरकत आलेले आणि त्यांच्या पाठीवर ज्वाळांसारखी पानं ओळीनं उभी. परशरामनं खांबाच्या सांध्यावरून नख फिरवलं. खिळा कुठंच नव्हता. खाचेत खाच बसवलेली.

"आमच्या जैन बस्तीच्या देवळातबी असलं काम न्हाय," कलगोंडा पुटपुटला.

एका बाजूचा नाग मात्र बॉम्बच्या धक्क्यानं अर्धा तुटला होता. खाली सावलीत एक म्हातारा भिक्षू नवी पानं कोरत बसला होता. परशराम त्याच्याजवळ उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. मग म्हाताऱ्याच्या हातातल्या पटाशीकडे बोट दाखवून त्यानं हात पुढं केला. म्हाताऱ्यानं त्याच्या तळव्यावरचे घट्टे चाचपले आणि एक ठोकळा सरकवला.

पहिलं पान म्हाताऱ्यानं अंगठा फिरवून बाजूला टाकलं. दुसरं टोकाशी चिरफाळलं. दिवस कलायला आला.

"चला आता," कलगोंडा म्हणाला. "झालं की बघून."

"बघून झालं. करून न्हाय झालं."

मग छावणीतलं काम आटोपलं की परशराम रोज नदी ओलांडू लागला. म्हाताऱ्याची भाषा त्याला कळत नव्हती. म्हातारा लाकडाच्या रेषेवरून बोट ओढून दाखवायचा आणि परशरामची घाई होऊ लागली की त्याचं मनगट धरायचा. टाकलेल्या पानांचा ढीग वाढत गेला. परशराम चिडायचा, पण पटाशी खाली ठेवायचा नाही.

बोट ठरल्याची बातमी आली तेव्हा कलगोंडा वैतागला. "अवो, घरला निघालोय आपण! सामान कवा बांधणार?"

"तू बांध माझं. मी उद्या सकाळी पान बसवूनच येतो."

"अन् न्हाय बसलं तर?"

"बसंल."

सकाळी म्हाताऱ्यानं पान उन्हात धरलं, उलटूनपालटून पाहिलं आणि स्वतः शिडी धरून उभा राहिला. परशराम वर चढला. पान नागाच्या पाठीवरल्या खाचेत जाईना. खाली उतरून त्यानं ते केसभर तासलं, पुन्हा चढला. लाकडी मोगरीचा हलका ठोका दिला आणि पान घट्ट बसलं. त्यानं ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. हललं नाही. तो उतरला तेव्हा म्हाताऱ्यानं त्याच्या दोन्ही हातांना हात लावला. मान लववून परशराम धावतच छावणीकडे निघाला.

उचगावात आल्यावर बेळगावच्या एका वखारीतून दारं-खिडक्यांच्या पक्क्या कामाचं बोलावणं आलं. परशराम नको म्हणाला.

"मग करणार काय?" बायको जयाबाईनं विचारलं.

"कोरीव काम. मिळंल तवा मिळंल."

जयाबाईनं घरामागच्या परड्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "तर परड्यातल्या छपराखालचं जळण हलवा आधी. बसणार कुठं?"

परशरामनं सदरा काढला आणि तो जळण उचलायला लागला.