माहिती गुप्त ठेवली जाईल

रुग्णालयाच्या धुलाई विभागात मी एकोणीस वर्षं काम करते. सकाळी वॉर्डांतून गाठोडी येतात. ती सोडायची, रक्ताचं एका बाजूला, बाकीचं एका बाजूला करायचं आणि त्यातून सुया, कापसाचे बोळे, कुणाची विसरलेली कवळी काढून ठेवायची. लोक विचारतात, किळस नाही का येत? पहिल्या महिन्यात आली. मग हाताला सवय झाली, नाकालाही झाली. शिसारी म्हणजे काय ते मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं, एका शाळेच्या वर्गात, इस्त्रीचे कपडे घातलेल्या माणसांमध्ये बसून.

बारावीनंतर माझं शिक्षण सुटलं होतं. मुलगी नोकरीला लागली आणि मी दूरशिक्षणाने बी.ए.ला नाव घातलं. विषय समाजशास्त्र. नवरा म्हणाला, "या वयात समाज शिकून काय करणार? जन्मापासून समाजातच आहेस की." पण पुस्तकांचं पार्सल आलं तेव्हा त्यानेच बसून एकेका पुस्तकाला कव्हर घातलं.

रविवारी अभ्यास केंद्र भरायचं. केंद्र कसलं, एका शाळेतला पाचवीचा वर्ग. बाक इतके बुटके की गुडघे हनुवटीला टेकायचे. शिकवायला एक सर होते. नावं घातलेले चाळीस, येणारे सहा-सात, ते सगळेही परीक्षेत काय येईल तेवढंच विचारणारे. मला मात्र त्या पुस्तकांनी झपाटलं होतं. दर्जा, भूमिका, श्रमविभागणी असले शब्द वाचताना आमच्या विभागातल्या बायका एकेक करून डोळ्यापुढे यायच्या. चादरी पिळताना मी मनात उत्तरं लिहायचे.

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प होता. मी आमच्याच विभागातल्या नऊ बायकांवर लिहायचं ठरवलं. सर म्हणाले, "छान. पण लक्षात ठेवा, माहिती देणाऱ्याचा विश्वास मोडायचा नाही. संशोधनातली पहिली गोष्ट ही." मी ते वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

नऊ जणींत सगळ्यात मोठी होती तिला आम्ही थोरली म्हणायचो. माझी चादरीच्या घडीची जोडीदारीण. मोठी चादर दोघींनी चार कोपऱ्यांना धरायची, ताणायची, मग चालत एकमेकींकडे यायचं. अशा हजारो चादरींत आमचं निम्मं आयुष्य बोलून झालेलं. एका दुपारी तिने आपणहून सांगितलं.

"माझ्या पोराने सासरी सांगितलंय, आई नर्स आहे म्हणून."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? लग्नात विहीणबाईंनी मनगट पुढे केलं. म्हणाल्या, जरा नाडी बघा, सकाळपासून गरगरतंय. धरलं मनगट. मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजलं आणि म्हटलं, ठीक आहे, पाणी प्या."

"मग?"

"मग काय, त्यांना बरं वाटलं."

आम्ही दोघी इतक्या हसलो की चादर खाली पडली, परत धुवायला टाकावी लागली. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "अजून त्यांच्याकडे जायच्या आधी हात हुंगून बघते. ब्लीचचा वास येतो का ते."

मी विचारलं, "हे लिहू? नाव घालणार नाही. फक्त सर वाचतील."

"लिही की. तुझा अभ्यास होत असेल तर लिही."

अडतीस पानं मी हाताने लिहिली. पहिल्याच पानावर चौकट करून लिहिलं, "उत्तरदात्यांची माहिती गुप्त ठेवली जाईल." सरांनी शेवटी लाल शाईने "उत्तम" लिहिलं. ते बघायला मी घरी येईपर्यंत दोनदा वही पिशवीतून बाहेर काढली.

महिन्याभराने तोंडी परीक्षा होती. बाहेरून एक परीक्षक मॅडम आल्या होत्या, शेजारी आमचे सर. एकेकाला पुढे बोलवायचे, बाकीचे मागे बाकांवर. मी पाळी संपवून उशिरा पोचले. माझ्या आधी बँकेत काम करणारा एक तरुण होता. वर्षभरात मी त्याला दोनदा पाहिलं असेल. त्याने सांगायला सुरुवात केली.

"माझा प्रकल्प एका मोठ्या हॉटेलच्या धुलाई विभागातील स्त्रियांवर आहे. त्यातील एका महिलेच्या मुलाने आपल्या सासरी, आई नर्स आहे, असं सांगितलेलं आहे."

"हॉटेलात नर्स?" मॅडमनी विचारलं.

त्याने पान उलटून पाहिलं. वर्गात खसखस पिकली.

"आजची ही तिसरी नर्स," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या दोघींनी नाडी बघितली. तुमची काय करते?"

"नाडीच बघते, मॅडम."

सगळा वर्ग हसला. सरही हसले, तोंडावर हात धरून. मी पदराने तोंड दाबून धरलं. एकोणीस वर्षांत कुठल्याही गाठोड्याने मला असं करायला लावलं नव्हतं.

माझं नाव आलं. मॅडमनी वही उघडली, दोन पानं चाळली. "चौथी. निदान अक्षर तरी तुमचं आहे का?"

"ही पहिली आहे, मॅडम," मी म्हटलं. "ती बाई रोज माझ्यासमोर उभी असते."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे बघत होते. मॅडमना कळलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "बरं. यांना चांगले गुण देऊ. पुढचे कोण?"

एवढंच. मी सरांना वऱ्हांड्यात गाठलं.

"अहो, तुमचा चांगला होता म्हणूनच नमुना म्हणून दिला," ते म्हणाले. "कसं लिहायचं ते बाकीच्यांना कळावं. तुम्हाला परत देण्याआधी एक प्रत समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवली, तो देत सुटला. त्याला मी काय करू?"

"गुप्त ठेवायचं असतं, सर. तुम्हीच शिकवलंत."

"अहो, ते लिहायचं असतं," सर समजावणीच्या सुरात म्हणाले.

मी रस्ता ओलांडून दुकानात गेले. फळीवर रबर लावलेले गठ्ठे होते. दुकानदार भला वाटला. "ताई, कुठला देऊ? वीटभट्टीचा आहे, पण धुलाईचा जास्त जातो. वाचून रडायला येतं म्हणतात."

त्याने पुढे केलेल्या गठ्ठ्यावर माझं अक्षर होतं, माझी खाडाखोड होती, ती चौकटसुद्धा होती. मी म्हटलं, "हे मी लिहिलंय." तो खूश झाला. "काय अक्षर आहे हो. अजून एखादा विषय लिहिलाय का?"

मी होते तेवढे सगळे गठ्ठे कवेत घेतले आणि चालू लागले. त्याने अडवलं नाही. मागून शांतपणे म्हणाला, "न्या. एक प्रत आत ठेवलेली असतेच."

त्या दिवशी जेवण गेलं नाही. साबणाने हात धुतले, परत धुतले. मला वाईट वाटत नव्हतं, रागही म्हणता येणार नाही. नुसती किळस येत होती, त्या सगळ्यांची. माझी धरून.

दुसऱ्या दिवशी चादर हातात असतानाच थोरलीला सगळं सांगितलं. तिने चादर सोडली नाही. विचारलं, "किती जणांनी वाचलं?"

"माहीत नाही."

"हसले?"

मी होकाराची मान हलवली. आम्ही दोघी एकमेकींकडे चालत आलो, कोपरे जुळवले, घडी घातली. तिसऱ्या दिवशी तिने सांगितलं, "ते आण आणि मला वाचून दाखव. सगळं."

जेवणाच्या सुट्टीत, कोरड्या कपड्यांच्या खोलीत मी वाचत बसले. नाडीचं आलं तेव्हा ती जराशी हसली. मग मी लिहिलेलं विश्लेषण आलं. "सदर स्त्रीमध्ये न्यूनगंड दिसून येतो."

"न्यूनगंड म्हणजे?"

"स्वतःला कमी समजणं."

तिने हातातला घास डब्यात परत ठेवला. मग म्हणाली, "मी नाही समजत. पोरगा समजतो. त्याचा संसार टिकावा म्हणून मी हात हुंगते. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आणि हे त्या सरांच्या आधी मला वाचून दाखवायचं होतंस."

मी तिच्यासमोरच ते वाक्य खोडलं. तिने खोडताना पाहिलं आणि डबा बंद करून उठली. पुढच्या आठवड्यात मुकादमाला सांगून तिने इस्त्रीच्या रोलरवर काम मागून घेतलं. आता दिसली की बोलते, पण कामापुरतं.

मी विद्यापीठाला पत्र लिहिलं, प्रकल्प मागे घेते, गुण काढून टाका. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की एकदा नोंदवलेले गुण मागे घेण्याची तरतूद नाही. पाठोपाठ गुणपत्रिकाही आली. प्रकल्पाला शंभरपैकी चौऱ्याऐंशी. नवऱ्याने शेजारी दाखवायला नेली, तेव्हा मी आत जाऊन दार लावून घेतलं.