किल्ल्या बाहेर ठेवा

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. दारातल्या परातीत किल्ल्या, घड्याळं, सेफ्टी पिना यांचा ढीग पडला होता. लोखंडाने म्हणे लहर बिघडते. व्यासपीठावर जुना काळा-पांढरा टीव्ही, पडद्यावर सरळ उभ्या रेघा. लहरबाबांनी एका म्हाताऱ्याचं मनगट धरून पडद्याजवळ नेलं, आणि रेघा वाकड्या झाल्या!

“हा तुमचा रोग! इलेक्ट्रॉन चुंबकाच्या क्षेत्राला न शिवता बाजूने गेला, तरी त्याची लहर सरकते. विज्ञानाने सिद्ध केलंय. मीही न शिवता तुमची लहर सरकवतो!”

बाबांनी डोळे मिटले, हात बदलून मनगट पुन्हा धरलं. रेघा सरळ. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागच्या रांगेतल्या भौतिकशास्त्राच्या बाईंचे हात मात्र मांडीवरच राहिले. शेजारी त्यांची ताई होती. फिट येऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या तिने कालपासून बंद केल्या होत्या, आणि बाईंच्या जिवाला घोर लागला होता.

“ताई, गोळी घे गं.”

“अगं, तूच म्हणालीस ना, ते इलेक्ट्रॉनचं खरं आहे?”

खरंच होतं, तीच तर पंचाईत! पण तो परिणाम फार नाजूक. निर्वात पोकळीत इलेक्ट्रॉनच्या दोन वाटा करून पुन्हा जुळवल्या, तरच दिसतो. आणि तिथे इलेक्ट्रॉनला कुणी ढकलत नाही. इथे टीव्हीच्या नळीतल्या इलेक्ट्रॉननी काढलेल्या रेघा बोटभर वाकत होत्या, म्हणजे त्यांना कुणीतरी ढकलतच होतं. शिवाय एवढ्या थोर शक्तीला किल्लीचं भय कशाला? कुठेतरी पाणी मुरत होतं.

ताईचा नंबर आला तशा बाईही वर चढल्या. बाबांनी उजव्या हाताने ताईचं मनगट धरलं. रेघा वाकल्या. बाईंनी अंबाड्यातला लोखंडी आकडा उपसला आणि बाबांच्या बाहीजवळ नेला. टक्! आकडा बाहीला चिकटून लोंबायला लागला.

“अहो, हे काय करताय?” बाबांच्या तोंडचं पाणी पळालं.

बाईंनी बाही उलटली. शिवणीत चपटं चुंबक होतं. ते उसवून त्यांनी नुसतंच पडद्यासमोर धरलं. ना रोगी, ना बाबा, तरी रेघा वाकल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं.

“मग माझी लहर?” ताईने हळूच विचारलं.

“तुझ्या लहरीला काय धाड भरलीय? गोळी बंद केलीस, त्याची मला भीती वाटतेय.”

ताई चुंबकाला लोंबणाऱ्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पाणी आण. आणि डॉक्टरांना फोन लाव.”

मंडळी, विज्ञानाचे शब्द कुणीही पाठ करतो. किल्ल्या बाहेर ठेवायला सांगणाऱ्याला आधी कारण विचारा. आणि ठेवल्याच, तरी अक्कल तेवढी परातीत टाकू नका.