सापडत नव्हता तो जंतू

तनुजा शनिवार पेठेतल्या शाळेत गणित शिकवायची. दोन वर्षांपासून तिच्या ओटीपोटात दुखायचं. सोनोग्राफी झाली, लघवीची तपासणी झाली, जंतू वाढवून बघायची कल्चर चाचणीही झाली. सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी तर "ताण कमी घ्या" म्हणून बोळवण केली.

विश्रांतवाडीच्या डॉ. दीक्षा वाघमारेंनी मात्र पीसीआर चाचणीसाठी नमुना घेतला. लॅब त्यांची स्वतःचीच होती. रिपोर्टच्या दिवशी तनुजा नवऱ्याला, गंधारला, घेऊन गेली.

"मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम," दीक्षा म्हणाल्या. "शरीरसंबंधातून पसरतो. कल्चरमध्ये सहसा वाढतच नाही, म्हणून आजवर सापडला नाही. औषध आहे. पण यांनाही तपासावं लागेल."

गंधारचा चेहरा उतरला. "आला कुणाकडून?"

"ते चाचणी सांगत नाही. काही त्रास न देताही तो बराच काळ राहू शकतो."

"बंगलोरला असताना मी एका मुलीबरोबर राहत होतो," गंधार खाली बघत म्हणाला.

"सांगितलं होतंस की, लग्नाआधीच. आणि माझंही तुला माहीत आहे," तनुजा म्हणाली. मग दीक्षांकडे वळून तिनं विचारलं, "हा सापडला कसा, ते बघता येईल?"

दीक्षांनी कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. स्क्रीनवर एक रेघ बरीच लांब आडवी गेली होती आणि मग सरळ वर चढली होती.

"या जंतूच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा शोधतो आम्ही. तो असला तर यंत्राच्या दर फेरीला दुप्पट होत जातो. नसला तर रेघ आडवीच राहते."

तनुजानं मनातल्या मनात गुणाकार केला. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींच्या वर. हे गणित तिनं कितीदा फळ्यावर सोडवून दाखवलं होतं. तेच गणित आपल्या शरीरातल्या, कुणालाच न दिसलेल्या कणाला असं उजेडात आणेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला. ती त्या रेघेकडे बघतच राहिली. या दोन वर्षांत तिला आपलं दुखणं खरं आहे का, अशीच शंका येऊ लागली होती.

"म्हणजे खरंच होतं काहीतरी," ती हळूच म्हणाली.

"होतंच," दीक्षा म्हणाल्या.

गंधारचा रिपोर्टही पॉझिटिव्ह आला. दोघांनी औषधं पूर्ण घेतली आणि फेरतपासणीत जंतू सापडला नाही. दुखणं मात्र हळूहळू ओसरलं. एका रविवारी मंडईतून भरलेल्या पिशव्या घेऊन ती जिना चढून आली, भाजी निवडायला बसली, आणि मग तिला जाणवलं, सकाळपासून पोटाची आठवणसुद्धा झाली नव्हती.