सर्वमान्य पाल

ताईला डॉक्टरेट मिळाली नाही. पण हे आपण तूर्तास ऐकलंच नाही असं धरू, कारण आत्ता ती खुशीत ग्रंथालयाच्या खिडकीपाशी उभी आहे. प्रबंध लिहून झालाय, नोंदणीची मुदत संपत आलीय, आणि शेपूट तुटलेली पाल दिव्याजवळच्या किड्यांकडे सगळ्यांत शेवटी जाते, हे जगात फक्त तिला माहीत आहे.

"तिसरं प्रकरण उचललंय तुम्ही," नक्कल तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "मुक्त ज्ञानकोशातून. स्वल्पविरामांसकट."

कुणीही लिहावं, कुणीही खोडावं अशा त्या संकेतस्थळावर पालीचं पान होतं. त्यात ताईचं तिसरं प्रकरण पाय पसरून बसलं होतं. टाकणाऱ्याचं टोपणनाव होतं 'पुतणीचा काका'.

"तूच म्हणायचीस ना, ज्ञान सगळ्यांचं असतं," काका म्हणाले. प्रबंधातल्या चुका काढायला तिनेच तो त्यांना दिला होता. "चुका काढल्या आणि टाकलं. चार लोकांना कळू दे."

"काका, ते काढा."

"काढलं गं. लोक परत टाकतात. चांगला मजकूर खोडतो म्हणून मला टवाळखोर ठरवलंय. आता लिहायलाच बंदी."

ताईने संकेतस्थळाला कळवलं. 'कोमट चहा' नावाच्या संपादकाचं उत्तर आलं: मजकूर तुमचा असेल तर मंजूर प्रबंध दाखवा. विद्यापीठ म्हणालं, आधी मजकूर काढा, मग मंजुरीचं बघू.

"तारखा बघा ना, माझं आधीचं आहे."

"यंत्राला तारखा कळत नाहीत, टक्के कळतात," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"मग त्या कोशाचाच संदर्भ देते."

"तो विद्यापीठात विश्वासार्ह धरत नाहीत."

"चोरण्याइतका आहे, पण?"

"तेवढा आहे."

ताई प्रयोगशाळेत जाऊन पालींच्या काचेच्या पेट्यांसमोर बसून राहिली. पालींना निदान शेपूट टाकून सटकता येतं. तिच्याकडे टाकण्यासारखं फक्त तिसरं प्रकरण होतं, आणि तेही आधीच लोकांच्या हातात वळवळत होतं.

मग नशीब फळफळलं. ज्ञानकोशात कुणीतरी शंका काढली की तुटक्या शेपटीची पाल भुकेली असणार, तीच सगळ्यांत आधी जाईल. मतदान झालं. कोमट चहासह प्रचंड बहुमताने पाल सगळ्यांत आधी जाऊ लागली. पान नव्याने लिहिलं गेलं, ताईच्या प्रबंधाची नक्कल शून्यावर आली, आणि काकांनी पेढे वाटायचं मनावर घेतलं.

परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. 'निष्कर्ष सर्वमान्य माहितीच्या विरुद्ध आहे. कोणत्याही विद्यार्थ्याला हे साधं शोधूनही सापडलं असतं.'

त्या दिवशी ताईने पेट्यांसमोरचा दिवा पुन्हा लावला आणि वाट पाहिली. तुटकी पाल शेवटीच गेली. ताईने कुलसचिवांना अर्ज लिहिला:

'तरी शेपूट तुटलेल्या सर्व पालींना सर्वमान्य माहितीनुसार वागण्याबाबत आपल्या कार्यालयाकडून लेखी सूचना देण्यात याव्यात, आणि त्यांची अंमलबजावणी होईपर्यंत माझ्या नोंदणीस मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.'